विश्रांती भुवनातलं गाऱ्हाणं

परशुराम विनायक शेवडे यांनी रत्नागिरीच्या बाजारपेठेत विश्रांती भुवन बांधलं, तेव्हा जिल्ह्यातल्या माणसाला इथे एक रात्र काढल्याशिवाय कुठलंच सरकारी काम करता येत नसे. मंडणगडहून, दापोलीहून, गुहागरहून कोर्टाच्या तारखेला आलेल्या माणसाला रात्री पाठ टेकायला खोली लागायची, सकाळी गरम पाणी लागायचं आणि कोर्टात जाण्यापूर्वी दोन आंबोळ्या लागायच्या. शेवडे, म्हणजे साऱ्या बाजाराचे अण्णा, यांनी एवढंच दिलं आणि त्यावर पुरी हयात हॉटेल चालवलं. खाली जांभ्या दगडाच्या भिंतींचा मोठा हॉल, वर लाकडी जिन्याने जायच्या खोल्या, मागच्या बाजूला विहीर आणि स्वयंपाकघर.

काशीराम पाष्टे या हॉटेलात कपबशा विसळायला लागले आणि शेवटी गल्ल्यावर बसले. निवृत्त मात्र ते झालेच नाहीत. त्याआधी हॉटेलच बंद पडलं.

ते हळूहळू बंद पडलं. आधी कोर्टाचे पक्षकार गेले. गाड्या वाढल्या, रस्ते सुधारले, माणूस सकाळी येऊन संध्याकाळी घरी जेवायला लागला. मग पर्यटक आले, पण त्यांना समुद्र दिसणारी खोली, गाडी लावायला जागा आणि ताटात मासा हवा होता. भुवनात यातलं काहीच नव्हतं. दारात उभं राहून कोणी ‘फिश थाळी आहे का?’ विचारलं की अण्णा गल्ल्याशेजारच्या खुर्चीतूनच सांगायचे, “मासे बंदरावर मिळतात. इथे जेवण मिळतं.” गिऱ्हाईक हसायचं आणि निघून जायचं. अण्णांना वाटायचं आपण जिंकलो. काशीरामांना तसं वाटत नसे, पण ते बोलले नाहीत. अण्णांपुढे न बोलण्याची त्यांना सवय होती.

अण्णा गेले त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मुलगा दिनकर पुण्याला स्थायिक होता. वडिलांचे दिवस करून त्याने वरच्या खोल्यांना कुलपं घातली आणि किल्ल्यांचा जुडगा काशीरामांच्या हातात दिला. “आठवड्यातून एकदा दारं उघडत जा. वारा खेळू दे.” काशीराम ते करत राहिले. भिंतीतून डोकं काढणारा पिंपळ उपटायचा, कौलं सरकली की माणूस चढवायचा, पावसाळ्यात हॉलमध्ये बादल्या ठेवायच्या. छपराचा मागचा भाग एका जूनमध्ये खाली बसला, त्यानंतर बादल्यांचा उपयोग राहिला नाही.

अण्णांचं वर्ष सरलं आणि शिमग्याच्या आधी पुण्याहून फोन आला. “काशीराम, मला यायला जमणार नाही. पण पालखीचा मान तुटू देऊ नकोस. तू हॉल उघड, तू सगळं बघ.”

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, हे कोकणात कोणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकाला एवढं सांगायला हवं, की पालखी ज्या घरात बसते त्या घरच्या यजमानाचं नाव घेऊन गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला एका आवाजात ‘होय महाराजा’ म्हणतात. कुलूप असलेल्या दारासमोर पालखी थांबत नाही. दोन-चार वर्षं थांबली नाही की वाट मोडते आणि मग मान परत मिळवायला मानकऱ्यांच्या मागे फिरावं लागतं. दिनकररावांना भीती होती ती याची.

काशीरामांनी हॉल धुऊन घेतला. टेबलं भिंतीला लावली, मधोमध चौरंग मांडला, दाराला आंब्याचं तोरण बांधलं. अण्णा पालखीबरोबरच्या सगळ्यांना बटाटावडा आणि कॉफी द्यायचे. ते काशीरामांना झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्नी यमुनाबाईंनी घरून कोकम सरबत करून आणलं. म्हातारे बाबल्या गुरव यांनी गाऱ्हाणं घातलं, “परशुराम विनायक शेवडे यांचे चिरंजीव दिनकर, राहणार पुणे, यांनी हा नारळ ठेवलान...” नारळ काशीरामांनी ठेवला होता, पण गाऱ्हाण्यात नाव शेवड्यांचं आलं. त्यात कोणाला वावगं वाटलं नाही, काशीरामांनाही नाही. असे बरेच शिमगे गेले.

काशीरामांच्या नावाचं काय, हा प्रश्न तोवर कधी आलाच नव्हता. गुहागर तालुक्यातल्या त्यांच्या वाडीत थोरला भाऊ होता तोवर गाऱ्हाणं भावाच्या नावाने व्हायचं. भाऊ गेला, पुतणे मुंबईला गेले, घराला कुलूप लागलं आणि तिथली पालखी दारावरून पुढे जाऊ लागली. रत्नागिरीत काशीराम ज्या चाळीत राहतात तिथे पालखी मालकाच्या अंगणात बसते. भाडेकरू आपापली ओटी घेऊन तिथे जातात. गुरव मालकाचं नाव घेतो आणि शेवटी म्हणतो, “आणि समस्त बिऱ्हाडकरू मंडळी.” भुवनातही अण्णांच्या वेळी गाऱ्हाण्याच्या शेपटाला “समस्त कामगार मंडळी” असायची. काशीराम जन्मभर त्या समस्तांत उभे राहून होय महाराजा म्हणत आले.

करोनाची दोन वर्षं पालखी नेहमीसारखी फिरली नाही. त्याच काळात बाबल्या गुरव वारले. पालखी पुन्हा फिरू लागली तेव्हा गाऱ्हाणं घालायला त्यांचा पुतण्या समर्थ उभा राहिला. समर्थ एरवी मोबाइलच्या दुकानात काम करतो. काकांचं गाऱ्हाणं त्याला पाठ होतं, पण कुठल्या घरी कोणाचं नाव घ्यायचं हे काकांच्या डोक्यात होतं आणि ते त्यांच्याबरोबर गेलं. म्हणून तो प्रत्येक घरी यजमानाला विचारून घेत होता. भुवनाच्या हॉलमध्ये पालखी टेकली तशी तो काशीरामांच्या कानाशी आला.

“काका, यजमान म्हणून कोणाचं नाव घेऊ?”

काशीराम नवा सदरा आणि टोपी घालून, हातात नारळ घेऊन चौरंगासमोर उभे होते. शेजारी यमुनाबाई ओटीचं ताट घेऊन उभ्या होत्या. ढोल वाजत होते.

“काशीराम धोंडू पाष्टे,” ते म्हणाले.

“ढोलात नीट ऐकू आलं नाही, असं मला म्हणता आलं असतं,” काशीराम आता सांगतात. “पण आलं होतं. तो काय विचारतोय ते मला कळलं होतं.”

समर्थचा आवाज चांगला आहे. ‘काशीराम धोंडू पाष्टे यांनी वर्षाप्रमाणे हा नारळ ठेवलान, त्यांच्या लेकीबाळींना सुखी ठेव, त्यांच्या वास्तूत आलेली इडापिडा टाळ’ असं त्याने खणखणीत म्हटलं आणि हॉलभर होय महाराजा झालं. काशीराम मान खाली घालून उभे होते. लोकांना ती भक्ती वाटली.

दुसऱ्या वर्षी समर्थने विचारलंच नाही. नाव त्याला पाठ झालं होतं. तिसऱ्या वर्षी पालखीबरोबरची तरुण मुलं एकमेकांना ‘आता पाष्ट्यांचं भुवन’ म्हणू लागली. शेजारच्या दुकानदारांनीही ऐकलं. त्यांना वाटलं, शेवड्यांनी जागा याला दिली असेल किंवा याने काहीतरी करून घेतली असेल. विचारलं कोणीच नाही. बाजारात समोर विचारायची रीत नाही, पाठीमागे बोलायची आहे.

नंतरच्या थंडीत दिनकररावांची मुलगी ऋजुता पुण्याहून आली. ती वास्तुविशारद आहे. बरोबर अनिश नावाचा तरुण बिल्डर होता. काशीरामांनी दोघांना सगळी इमारत दाखवली. कुठल्या पायरीवर पाय द्यायचा नाही ते आधी सांगितलं. ऋजुताने भिंतींवर हात फिरवून पाहिला, खिळा मारून पाहिला, फोटो काढले. तिचा बेत असा होता, की समोरची जांभ्याची भिंत आणि हॉल ठेवायचा, मागचं सगळं उतरवायचं, वर नव्या खोल्या काढायच्या आणि त्याच नावाने पुन्हा हॉटेल सुरू करायचं. अनिशला भिंतीत रस नव्हता, पण जुनी भिंत दाखवली की खोलीचं भाडं वाढवता येतं हे त्याला ठाऊक होतं.

“खाली मस्त फिश थाळी ठेवू,” तो हॉलमध्ये उभा राहून म्हणाला. “काय काका, चालेल ना?”

“मालकांना विचारा,” काशीराम म्हणाले.

“मालक ह्याच की,” अनिशने ऋजुताकडे बोट केलं.

जाताना ऋजुता दारात थांबली. “काका, पाडकाम सुरू व्हायच्या आधी बाबांना एकदा शिमग्याला यायचंय. गुडघ्याने बेजार आहेत, पण म्हणतात पालखीसमोर एकदा उभं राहू दे. पालखी येते ना अजून?”

“येते की.”

“आणि गाऱ्हाण्यात आजोबांचं नाव घेतात?”

“घेतात,” काशीराम म्हणाले.

गाऱ्हाण्यातलं नाव ढोलाच्या गडबडीत गेलं होतं. हे उत्तर मात्र शांत हॉलमध्ये, तोंडासमोर, विचारणाऱ्या मुलीला दिलेलं होतं. ही मुलगी लहानपणी सुट्टीत आली की काशीरामांच्या मांडीवर बसून गल्ल्यातली नाणी वाजवायची. ती गेल्यावर ते बराच वेळ दाराला कुलूप लावत होते, असं समोरच्या दुकानदाराने पाहिलं.

घरी त्यांनी यमुनाबाईंना सांगितलं. यमुनाबाई तांदूळ निवडत होत्या.

“मग सांगून टाका गुरवाला. पोरगा हाय, ऐकंल.”

“काय सांगू? मी खोटं बोललो म्हणून?”

“तीन शिमगे गोड लागला तो. आता कडू लागतोय तर तोंड वाकडा कशाला करताव?”

“तू पण उभी होतीस ना बाजूला?”

“व्हते. ताट माज्या हातात व्हता. तोंड तुमच्याकडं व्हता.”

शिमगा जवळ आला तसे काशीराम एका दुपारी समर्थच्या दुकानात गेले. नुसतं जाऊन उभं राहणं बरं दिसणार नाही म्हणून मोबाइलची तडकलेली काच पुढे केली. समर्थने स्टूल दिलं, चहा मागवला.

“काका, यंदा तुमचं गाऱ्हाणं जोरात घालतो बघा. पुण्याचे पाहुणे येणार म्हणे तुमच्याकडे?”

पाहुणे, हा शब्द काशीरामांनी चहाबरोबर गिळला. त्याच वेळी सांगता आलं असतं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. समर्थ खाली वाकून काच बसवत होता, त्याच्याकडे बघायचीही गरज नव्हती. “तुमच्या नावाने पहिलंच गाऱ्हाणं घातलं होतं मी बाजारपेठेत,” तो म्हणाला. “तुम्ही नाव असं ठणकावून सांगितलंत ना, म्हणून आवाज सुटला माझा.” काशीरामांनी चहा संपवला, नवी काच उन्हात धरून बघितली आणि ते घरी आले.

“काच बसवून आलात,” यमुनाबाई म्हणाल्या. “तोंडाला कुलूप तसाच.”

पालखीच्या दिवशी दिनकरराव काठी टेकत हॉलमध्ये शिरले. वडिलांचं उपरणं त्यांनी पुण्याहून जपून आणलं होतं. ऋजुताने उंबऱ्यात रांगोळी काढली. अनिशही आला होता, त्याला पालखीचा व्हिडिओ हवा होता. काशीरामांनी चौरंग मांडला, समई लावली, दिनकररावांच्या हातात नारळ दिला आणि ‘सरबताचं बघतो’ म्हणून ते मागे स्वयंपाकघरात गेले. त्यांचा हिशेब एवढाच होता, की आपण दिसलो नाही तर समर्थ समोर उभ्या असलेल्या माणसाला नाव विचारील आणि दिनकरराव स्वतःचं नाव सांगतील. हिशेब तसा वाईट नव्हता. समर्थला काशीराम आवडतात, एवढं त्यांनी त्यात धरलं नव्हतं.

ढोल-ताशे हॉलमध्ये शिरले. मुलांनी पालखी खांद्यावर नाचवली आणि चौरंगावर टेकली. समर्थने कपाळाचा घाम पुसून सभोवार पाहिलं.

“पाष्टेकाका कुठायत?”

समोर उपरणं घेतलेला एक अनोळखी म्हातारा नारळ घेऊन उभा होता.

“आजोबा, तुम्ही जरा बाजूला होता? यजमानांना पुढे येऊ दे.”

“यजमान मीच,” दिनकरराव म्हणाले.

“तुम्ही? तुम्ही कोण?”

“दिनकर परशुराम शेवडे. माझंच घर आहे हे.”

समर्थ गोंधळला. त्याने मागच्या मुलांकडे पाहिलं. “मग पाष्टेकाका? गाऱ्हाणं तर काकांच्या नावाने असतं.”

ताशा थांबला. ऋजुताने आधी समर्थकडे आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. अनिशने व्हिडिओ बंद केला नव्हता. तो हसत मोठ्याने म्हणाला, “अहो काका, प्रॉपर्टी कार्डावर पण चढवलंत की काय नाव?”

हॉलमध्ये हसू फुटलं. ते ऐकून काशीराम बाहेर आले. त्यांच्या हातात सरबताचा जग होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. तो धरूनच ते बोलले.

“मालक हे. मी कामगार. नाव मी सांगितलं होतं. समर्थची चूक नाही.”

रावजी हे पालखीबरोबर फिरणारे सगळ्यांत वडीलधारे मानकरी. त्यांनी विचारलं, “कधीपासून?”

“करोनानंतर.”

“मागाहून सांगावंसं नाही वाटलं?”

काशीरामांनी मान हलवली. हो की नाही, ते कोणाला कळलं नाही.

“मंग इतकी वर्सं देवानं राखलान कुनाला?” मागून एकाने विचारलं.

“पाष्ट्याला. बघ ना, छप्पर शेवड्यांचा पडला, ह्यो तसाच उभा.”

पुन्हा हसू झालं. यमुनाबाई ताट घेऊन जिन्याशी उभ्या होत्या. त्यांनी पदर पुढे ओढला.

“गप रे,” रावजी म्हणाले. “देवापुढे उभे आहात.” मग ते समर्थकडे वळले. “घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही. त्याच्यावर दुसरं घालायचं. आणि चूक ज्याची त्याचं नाव घेऊन घालायचं. मोघम नाही चालणार.”

समर्थने काशीरामांकडे पाहिलं. त्या क्षणी नाही म्हणता आलं असतं, निदान ‘मोघमच घाल’ अशी विनवणी करता आली असती. काशीराम म्हणाले, “घाल.”

समर्थने डोळे मिटले. या खेपेला आवाज सुटायला त्याला वेळ लागला.

“हे देवा महाराजा!”

“होय महाराजा!”

“परशुराम विनायक शेवडे यांच्या ह्या वास्तूत तू वर्षाप्रमाणे आलास, त्यांचे चिरंजीव दिनकर यांनी हा नारळ ठेवलान, तो मान्य करून घे!”

“होय महाराजा!”

“त्यांच्या लेकीबाळींना सुखी ठेव! जुनं उतरून नवं बांधतील, त्याला यश दे!”

“होय महाराजा!”

“ह्या घरचा कामगार काशीराम धोंडू पाष्टे, त्याने मालकाच्या जागी आपलं नाव सांगितलान. तुझ्यासमोर खोटं बोललान. ती चूक त्याची आहे!”

“होय महाराजा!”

तो प्रतिसाद सगळ्यांत मोठा होता. मुलांच्या अंगात ढोल होता, तेवढंच त्याचं कारण असेल. काशीराम म्हणतात, मीसुद्धा म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं.

“ती पोटात घाल महाराजा!”

“होय महाराजा!”

दिनकररावांनी नारळ ठेवला. पालखी उठली. सरबत सगळ्यांनी घेतलं, दिनकररावांनीही घेतलं. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, “बाबल्याकाका असताना कोणाचं नाव घ्यायचे?”

“अण्णांचं. आणि तुमचं.”

“बरं,” ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

ऋजुता मागे राहिली. “काका, नाव लावलंत त्याचं मला काही नाही. खरंच नाही. बाबा इतकी वर्षं आले नाहीत, तुम्ही उभे राहिलात. पण मी तुम्हाला इथेच विचारलं होतं. मला का म्हणालात, घेतात म्हणून?”

याचं उत्तर काशीरामांनी हे लिहिणाऱ्या मला तीनदा वेगवेगळं सांगून पाहिलं आणि प्रत्येक वेळी ‘तसं नाही’ म्हणून खोडलं.

शिमगा सरला आणि वकिलाच्या कार्यालयातून बोलावणं आलं. सदर मिळकतीवर माझा कोणताही हक्क, हितसंबंध वा ताबा नाही आणि पूर्वी कधीही नव्हता, अशा अर्थाचा मजकूर तयार होता. तो अनिशच्या सांगण्यावरून केला होता. काशीरामांनी कधी हक्क सांगितलेला नव्हता, पण आता कागद पुढे आल्यावर ‘हे कशाला?’ असं विचारायला त्यांना तोंड नव्हतं. वाचून दाखवू का, असं कारकुनाने विचारलं. ते नको म्हणाले आणि सही केली. किल्ल्यांचा जुडगाही त्यांनी तिथेच टेबलावर ठेवला. संध्याकाळी दिनकररावांचा फोन आला, “राग मानू नकोस काशीराम. वकिलांचं असतं ते.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं, असं काशीरामांना वाटलं.

विश्रांती भुवनाचं पुढे काय होणार, हे आज नक्की सांगता येत नाही. मागची बाजू उतरवली आहे. समोरच्या भिंतीला लोखंडी टेकू दिले आहेत आणि रस्त्याच्या कडेने निळे पत्रे लावले आहेत. वरच्या मजल्याची परवानगी अडकली आहे. ऋजुता महिन्या-दोन महिन्यांनी येते, अनिश तिच्याशी भिंतीवरून वाद घालतो, कारण भिंत सांभाळण्यापेक्षा पाडून नवी बांधणं सोपं आहे. ती ऐकत नाही. अण्णांचा हट्टीपणा एका पिढीला वळसा घालून हिच्यात आला, असं बाजारात म्हणतात. जुना हॉल राहील आणि त्यात मासे शिजतील, अशी निदान आज तरी चिन्हं आहेत.

काशीरामांना बाजारात आता ‘यजमान’ म्हणतात. भाजीवाली म्हणते, रिक्षावाला म्हणतो. “काय यजमान, आज काय नेलंत?” “भेंडी,” ते सांगतात आणि चालू लागतात. समर्थच्या दुकानावरून ते जात नाहीत, मागच्या गल्लीने जातात. समर्थ त्यांच्यावर रागावलेला नाही. भेटला तर तो वाकून नमस्कार करील, म्हणूनच ते टाळतात.

यंदाच्या शिमग्यात पालखी बाजारपेठेतून गेली. पत्र्यांसमोर थांबली नाही. संध्याकाळी ती चाळीच्या मालकाच्या अंगणात बसली. काशीराम आणि यमुनाबाई इतर भाडेकरूंमध्ये उभे होते. समर्थने मालकाचं नाव घेतलं, मालकाच्या मुलांची नावं घेतली. मग नजर वर न करता त्याने ‘आणि समस्त बिऱ्हाडकरू मंडळी’ म्हटलं आणि काशीरामांनी सगळ्यांबरोबर होय महाराजा म्हटलं. शेजारी उभ्या असलेल्या बाई सांगतात, त्यांचा आवाज ऐकू आला नाही, ओठ तेवढे हलले.

हे सगळं छापायला त्यांची परवानगी हवी होती. त्यासाठी चाळीतल्या त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा ते खाटेवर बसून बटाटे सोलत होते. नाव बदलता येईल, असं सुचवलं.

“नको,” ते म्हणाले. “नावाचा खोटेपणा पुरे झाला. माझं आहे ते घाला. फक्त मालकांचं आधी येऊ दे. पहिलं नाव अण्णांचं.”

तसं केलं आहे. उठताना यमुनाबाईंना विचारलं, तुमचं नाव घातलं तर चालेल ना. त्या चुलीकडे तोंड करून होत्या.

“घाला नायतर नको घालू,” त्या म्हणाल्या. “ह्या घरातला एक नाव गाजलाय, तेवढा पुरे हाय आमाला.”

काशीराम हसले नाहीत. त्यांनी सोललेले बटाटे पाण्यात टाकले.